त्या रविवारी पानिपतला तू काय केलंस

कुमुद,

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही आणि मी तुझ्यावर संशय घेत बसलो आहे. जिवंतपणी घेतला तेवढा पुरे झाला नाही का, असं तू म्हणशील. नाही झाला. भेटायला येणारे लोक म्हणतात, वहिनी फार सरळ होत्या हो, मनात एक आणि ओठांवर एक असं त्यांचं कधी नव्हतं. मी मान डोलावतो, चहाचा कप पुढे करतो आणि मनात म्हणतो, तुम्हाला काय माहीत. मी हिच्याबरोबर संसार केला आहे आणि त्यातली बरीचशी वर्षं एकाच गोष्टीवरून माझा हिच्यावर वहीम होता.

त्या रविवारी पानिपतच्या त्या खांबापाशी तू माझ्या पाठीमागे काहीतरी केलंस. मला मुद्दाम लांब पाठवून केलंस. परतीच्या बसमध्ये विचारलं तर म्हणालीस, पायात काटा गेला होता. फेब्रुवारीच्या थंडीत, पायात मोजे आणि त्यावर कॅनव्हासचे बूट असताना काटा गेला होता.

परवा दुपारी खालच्या घरमालकीण बीजी वर आल्या आणि काय ते सांगून गेल्या. ते मी शेवटी सांगणार आहे. आधी मला माझी बाजू नीट मांडू दे, कारण ती मांडायची संधी तू मला कधी दिली नाहीस. मी बोलायला लागलो की तुझं दूध उतू जायचं.

आपण चंदिगढला बदलून आलो आणि सेक्टर बावीसमध्ये बीजींच्या घराचा हा वरचा मजला भाड्याने घेतला. दुसऱ्या पावसाळ्यात आपल्याला मुलगा झाला आणि बारशाआधीच तो गेला. नाव ठेवायचं राहिलं. कऱ्हाडहून माझी बहीण बारशासाठी निघायच्या बेतात होती, तिला तार करून येऊ नकोस म्हणून कळवलं. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, त्याचे दिवस करत नाहीत, काहीच करत नाहीत. मी आणि ऑफिसातला एक सहकारी जाऊन त्याला ठेवून आलो. कुठं ठेवलंत, असं तू विचारलंस. मी सांगितलं नाही. बाळंतिणीला असलं सांगायचं नसतं असं आईनं मला बजावलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते तोंडाने उच्चारता आलं नसतं. तू आणखी एकदा विचारलंस आणि मग सोडून दिलंस.

त्यानंतर एका संध्याकाळी तू पोळ्या लाटत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "अहो, त्याला नाव तरी ठेवूया की."

मी म्हणालो, "गेलेल्याला कसलं नाव? हाक कुणाला मारणार आहेस?"

तू पोळी तव्यावर टाकलीस. आपलं ते भांडण तिथंच थांबलं. भांडण थांबलं म्हणजे मिटलं असं समजण्यात माझं आयुष्य गेलं.

आई तेव्हा आपल्याकडेच होती. तिचं वेगळंच चाललं होतं. आमच्या घराण्यातला एक पुरुष पानिपतावर गेला तो परत आला नाही. मेल्याची खबरही आली नाही, म्हणून त्याचे दिवस कुणी केले नाहीत. तो येईल म्हणून घरातल्या बायका म्हणे पुढची कित्येक वर्षं संक्रांतीला सण करत नसत. आईच्या मते तोच पुरुष आता आपल्या वंशाच्या आड आला होता. "पानपत तुमच्या गावापास्नं जवळच आहे म्हणं," आई म्हणाली. "जावा, काय ते करून या. न्हाईतर त्या पेहोव्याला तरी पिंड द्या." मी तिला म्हणालो, आई, त्याला जाऊन दोनशे वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत आपल्या घरात पोरं झालीच की, मी कसा झालो? आईनं तुझ्याकडे बघितलं, तू आईकडे बघितलंस आणि दोघीही गप्प बसलात. सासू-सुना एकमेकींकडे बघून गप्प बसल्या की काहीतरी ठरलेलं असतं, एवढं कळायला एक्साइजमध्ये नोकरी करावी लागत नाही.

पण मी एक्साइजमध्ये नोकरी करत होतो, हे विसरू नकोस. लुधियान्याच्या आणि गोबिंदगढच्या कारखान्यांमधून मी लपवलेला माल हुडकून काढायचो. माल लपवणारा माणूस तुम्हाला स्वतःहून गोदाम दाखवतो, चहा मागवतो आणि सगळ्याला बरं बरं म्हणतो. थंडी ओसरायला लागली तेव्हा तू म्हणालीस, "एका रविवारी पानिपत बघून येऊया." तेव्हाच माझे कान टवकारले. इथले लोक रविवारी पिंजोरच्या बागेत जातात, सुखना तलावावर जातात, फार तर भाक्राचं धरण बघून येतात. पानिपत बघायला जाऊया असं कुठला मराठी माणूस म्हणतो? आपण तर भाजी करपली तरी पानिपत झालं म्हणतो. मी अट घातली: पूजा नाही, भटजी नाही, पिंड नाही, पाणी सोडणं नाही, फक्त बघून यायचं. तू म्हणालीस, "बरं."

एवढ्या लवकर तू कुठल्याच गोष्टीला कधी बरं म्हणाली नव्हतीस.

म्हणून मी त्या दिवशी निघण्याआधी तुझी पिशवी तपासली. तू वेणी घालत होतीस आणि आरशातून माझ्याकडे बघत होतीस, हे मला माहीत होतं. तरीही तपासली. पोळ्या होत्या, बटाट्याची भाजी होती, लिंबाचं लोणचं होतं, थर्मास होता. मी काळे तीळ शोधत होतो, दर्भ शोधत होतो, तांदळाचं पीठ शोधत होतो. यांतलं काही नव्हतं. एका डब्यात उकडलेले हरभरे होते, वर ओलं खोबरं. हे एवढे हरभरे कशाला, असं मी विचारलं. "वाटेत खायला. चार तास बसायचंय," तू म्हणालीस. चंदिगढमध्ये नारळ मिळायला किती वणवण करावी लागते आणि तू तो हरभऱ्यांवर खवतेस, हे खटकायला हवं होतं. मी फक्त नारळाच्या किमतीवरून कुरकुर केली आणि डबा पिशवीत परत ठेवला.

सेक्टर सतराच्या अड्ड्यावरून हरियाणा रोडवेजची बस धरली. अंबाल्यापर्यंत धुकं होतं. तू खिडकीशी बसलीस आणि पिशवी मांडीवर घेतलीस. वर ठेवतो म्हटलं तर नको म्हणालीस. बसमध्ये आपल्या पुढच्या बाकावर करनालला जाणारं एक जोडपं होतं. बाईच्या खांद्याशी मूल होतं आणि ते सारखं मागं वळून तुझ्याकडे बघत होतं. तू त्याच्याकडे बघून हसलीस. मला वाटलं, आता रडशील, पण नाही रडलीस. माझा संशय आणखी वाढला. सहा महिने दुसऱ्याचं मूल दिसलं की आत निघून जाणारी बाई आज हसते कशी?

पानिपतला उतरून टांगा केला. टांगेवाला आपलं बोलणं ऐकून म्हणाला, "पूना के हो? काला अंब जाओगे." म्हणजे आपल्यासारखे आणखी येत असणार. मला ते आवडलं नाही. जिथं आपली माणसं हरली तिथं आपण टांगा करून जायचं आणि टांगेवाल्यानं ते आधीच ओळखायचं, हे मला अपमानासारखं वाटलं. तू मात्र त्याला विचारलंस, आणखी कोण कोण येतं? तो म्हणाला, "आते हैं जी. खड़े रहते हैं, फेर चले जाते हैं."

जागा बघून माझी निराशा झाली. शेतांच्या मधोमध विटांचा एक खांब आणि भोवती लोखंडी कुंपण, एवढंच. पूर्वी तिथं एक आंब्याचं झाड होतं आणि त्याखाली इतकं रक्त सांडलं की झाड काळं पडलं, असं टांगेवाल्यानं सांगितलं. माझा त्यावरही विश्वास बसला नाही. चारी बाजूंना गुडघ्याएवढा गहू वाऱ्यावर हलत होता. लाख माणूस इथं पडलं म्हणतात, आणि आता तिथं गव्हाला पाणी चाललेलं. पाटाच्या कडेला दोन बायका गवत कापत होत्या. मी खांबावरचं लिहिलेलं वाचलं आणि दोन मिनिटांत माझं पानिपत बघून झालं.

आपण जेवलो. जेवून झाल्यावर तू म्हणालीस, "तुम्ही जावा की जरा तिकडं. विहीर बिहीर असंल तर पाणी बघा. हात धुवायला पाहिजेत."

"थर्मासमध्ये आहे की पाणी."

"तो चहा आहे."

मी गेलो. मुद्दाम हळूहळू गेलो आणि गव्हाच्या कडेला उभं राहून मागं वळून बघितलं. तू कुंपणाशी खाली बसली होतीस. पदर डोक्यावर घेतला होतास. वाकून तू अगदी जमिनीजवळ तोंड नेलंस आणि काहीतरी म्हणालीस. मग पुन्हा वाकून म्हणालीस. मग मातीवर हात ठेवून नुसती बसून राहिलीस. मी लांब होतो, शब्द ऐकू आले नाहीत. मनाशी म्हणालो, सापडली. आईनं शिकवलेला मंत्र म्हणतेय.

मी तरातरा परत आलो तेव्हा तू उभी होतीस, पदर झटकत होतीस आणि त्या गवत कापणाऱ्या बायकांना बोलावून त्यांच्या ओंजळीत हरभरे घालत होतीस. त्यातली म्हातारी म्हणाली, "के बात सै बेटी, के खुसी सै?" तू तिला काहीतरी उत्तर दिलंस. तुझं हिंदी तेव्हा अगदीच मोडकं होतं, तिला काय कळलं कुणास ठाऊक, पण तिनं तुझ्या डोक्यावर हात ठेवला. उरलेले तू टांगेवाल्याला दिलेस. मग माझ्यापुढे डबा धरलास. "घ्या. खावा थोडे."

मी खाल्ले. चांगले झाले होते. मीठ जरा कमी होतं, तेही सांगितलं.

परतीच्या बसमध्ये मी उलटतपासणी सुरू केली. पिंड दिलास का? पाणी सोडलंस का? आईनं काय म्हणायला सांगितलं होतं? तू खिडकीबाहेर बघत काट्याचं सांगितलंस आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीस. चारचौघांत, भर बसमध्ये. लग्नानंतर असं तू कधी केलं नव्हतंस. म्हणजे लाच देतेय, असं मला वाटलं.

पुढच्या वर्षी लढाई झाली, ब्लॅकआउटचे दिवस आले, खिडक्यांना काळे कागद चिकटवता चिकटवता तू सांगितलंस की पुन्हा दिवस राहिलेत. सई झाली. तिला घेऊन आपण कऱ्हाडला गेलो तेव्हा आईनं तुला स्वयंपाकघरात विचारलं, "पानपताचं करून आलाव न्हवं?" आणि तू म्हणालीस, "हो." मी दारातच उभा होतो. झालं, गुन्हा कबूल. इतकी वर्षं मी हेच धरून बसलो. तू माझ्या अटीवर पाणी सोडलंस, आईचं ऐकलंस आणि सई झाली तिचं श्रेय दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या कुठल्यातरी शिलेदाराला दिलंस. मी चिडून तुला टोमणे मारायचो. सईला ताप आला की म्हणायचो, जा, पानिपतला काहीतरी देऊन ये. तू कधी उलट बोलली नाहीस. टीव्हीवर आपली टीम हरली आणि मी म्हणालो, पानिपत झालं, की सई हसायची, तू उठून आत जायचीस. तेही मी मनात नोंदवून ठेवत गेलो.

तुझं दुखणंही तू असंच लपवलंस. पोट दुखतं म्हणून ओवा खात राहिलीस. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा तुझा मला इतका राग आला की वॉर्डात आल्यावर मी तुझ्याशी धड बोललोसुद्धा नाही. तू म्हणालीस, "सईला मराठीत बोलत जावा. तिला सगळं कळतं, फक्त बोलत नाही." मला वाटलं, तू फक्त मुलीबद्दल बोलते आहेस.

आता परवाचं.

दुपारी गच्चीवर ऊन होतं. बीजी जिना चढून वर आल्या, त्यांना आता जिना चढवत नाही. सईसाठी राजमा-चावल आणले होते. सई आतमध्ये अभ्यास करत होती. बीजी खाटेवर बसल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "पुत्तर, गुरुद्वारे में अरदास रखवानी है. कुमुद के साथ मुन्ने का नाम भी लेना है. क्या नाम था?"

मी म्हणालो, "कौन मुन्ना?"

"पहला वाला."

"उसका नाम नहीं रखा था, बीजी."

"रखा था," बीजी म्हणाल्या. "पानीपत में रखा था. छोले मेरी रसोई में उबाले थे उसने. कहती थी, ऊपर उबालूँगी तो वो पूछेंगे."

घुगऱ्या. बारशाला वाटतात त्या घुगऱ्या मी स्वतःच्या हाताने तपासल्या होत्या आणि सोडून दिल्या होत्या. मी श्राद्धाचं सामान शोधत होतो, कुमुद. तू बारशाला निघाली होतीस. आत्या नव्हती म्हणून कानात नावही तूच सांगितलंस, आणि कान नव्हता म्हणून मातीला सांगितलंस. त्या म्हातारीनं विचारलं होतं, काय आनंदाची गोष्ट आहे, आणि तू तिला बहुधा खरं उत्तर दिलंस. मला सोडून सगळ्यांना खरं सांगितलंस.

मी बीजींना विचारलं, पण पानिपतलाच का? तिथं तर ती आधी कधी गेलीही नव्हती.

"मैंने भी पूछा था," बीजी म्हणाल्या. "बोली, मुझे बताते नहीं कहाँ रखा है. वहाँ हमारे इतने लोग पड़े हैं, किसी का नाम नहीं, किसी की जगह नहीं. मेरा भी उनमें रह लेगा. बड़े हैं, सँभाल लेंगे." मग त्या म्हणाल्या, "मेरी भी एक रह गई थी रास्ते में, सैंतालीस में. इसलिए मुझे बताया होगा."

"तो नाम?" मी विचारलं.

बीजींनी मान हलवली. "नाम नहीं बताया. मैंने बहुत पूछा. कहती थी, पहले उसके पापा को बताऊँगी. जिस दिन वो आप पूछेंगे." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मैं समझी, इतने साल में पूछ लिया होगा."

त्या गेल्या. सई बाहेर आली, म्हणाली, "पापा, क्या हुआ?" मी तिला मराठीत काहीतरी सांगायला गेलो आणि मला ते जमलं नाही. खाली बाजारात नेहमीसारखा गोंगाट चालला होता. मी अंधार पडेपर्यंत गच्चीतच बसून राहिलो.

मला तुझा राग आला आहे, हे आधी सांगतो. इतकी वर्षं मी तुला छळत होतो, प्रश्नांवर प्रश्न विचारत होतो, त्यातला एकही प्रश्न तुला हवा होता तो नव्हता. मग एखाद्या दिवशी वैतागून सांगून टाकायचंस. एवढी कशी तू हट्टी? पण मग वाटतं, सांगून टाकलं असतंस तर मी काय केलं असतं? वेडी आहेस म्हणालो असतो. नाव तुझ्याकडे सुखरूप होतं. आपल्या मुलाला तू एवढी मोठी सोबत शोधून दिलीस, आणि बापाला त्यातलं काही कळू न देता बारशाचं खाऊही घातलंस, याबद्दल तुझे उपकार कसे मानायचे ते मला कळत नाही. बारशाला बाप उपाशी राहू नये एवढं तू माझ्यासाठी बघितलंस.

तू दोनदा विचारलं होतंस त्याचं उत्तर देतो. झिरकपूरच्या पुढे घग्गरचा पूल आहे. पुलाच्या अलीकडे डाव्या हाताला उतरलं की काठावर शिशमाची तीन-चार झाडं आहेत. त्यातल्या नदीकडच्या झाडाखाली मी त्याला ठेवलं. तुझ्या जुन्या हिरव्या शालीत गुंडाळून ठेवलं. खड्डा मी स्वतः खणला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आपली बस त्या रविवारी त्याच पुलावरून गेली, आणि मी तेव्हा तुझ्या पिशवीकडे बघत होतो. काल मी एकटा जाऊन आलो. झाडं आहेत अजून. तिथं उभा राहिलो, त्याला हाक मारावीशी वाटली, आणि काय म्हणून मारायची ते मला माहीत नव्हतं.

म्हणून विचारतो आहे, कुमुद. तुझ्यावर संशय म्हणून नाही, झडती म्हणून नाही. त्याचा बाप म्हणून विचारतो आहे. आपल्या मुलाचं नाव काय?